काळी दिसते म्हणून

काळी माती म्हणजे कसदार माती, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कापूस, तूर, ज्वारी, हरभरा यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची ग्वाही दिली आहे. पण सेंद्रिय कर्ब किती, एवढाच प्रश्न विचारला, तर काळ्या रंगावर विसंबता येत नाही. यवतमाळ-परभणीकडच्या खोल काळ्या जमिनीत कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच सापडतो. अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला तरी आम्हाला नवल वाटत नाही. उलट रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत तो सहज एक टक्क्यापलीकडे जातो. दोन्ही नमुने शेजारी ठेवून कर्ब कशात जास्त असं नवख्याला विचारलं, तर त्याचं बोट हमखास काळीकडे जातं.

बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेल्या काळ्या जमिनीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. थोडासाच ह्यूमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय पदार्थ, या बारीक कणांना घट्ट चिकटतो आणि सगळ्या मातीला काळपट करून टाकतो. त्यात मूळ खडकातून आलेल्या गडद खनिजांची भर. वरून कडक ऊन, वर्षानुवर्षांची नांगरट, पऱ्हाट्या चुलीत आणि धसकटं बांधावर जळालेली. कर्ब टिकणार कुठून? कोकणात पाऊस धो-धो, झाडोरा दाट, आणि मातीतली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं सेंद्रिय पदार्थाला धरून ठेवणारी. रंग मात्र लोहाचा. कर्ब असतो, पण तांबडेपणाखाली झाकलेला.

मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. हात तयार झाला तो ब्युरेटवर; वर्णपटाकडे, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपीकडे, मी नंतर वळले. काळी-तांबडीचं हे कोडं मला रोज सोडवावं लागतं, कारण आमचं यंत्रही शेवटी रंगच बघतं. आपल्याला दिसतात त्याहून पुष्कळ जास्त रंग बघतं, इतकंच. त्यामुळे जिथे माणसाचा डोळा फसतो, तिथे यंत्रही फसू शकतं, आणि फसलं तरी दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतं.

आधी जुन्या पद्धतीबद्दल, कारण नव्या पद्धतीचा सगळा भार तिच्यावर आहे. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये मांडलेली ही रीत भारतातल्या बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळांत आजही चालते. सावलीत वाळवून, कुटून, बारीक चाळलेली एक ग्रॅम माती शंकूपात्रात घ्यायची. त्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण १० मिलिलिटर, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मिलिलिटर. आम्ल पडताच पात्र चटका बसण्याइतकं तापतं. कर्बाचं ऑक्सिडीकरण याच उष्णतेवर होतं, बाहेरून आच द्यायची नाही. अर्धा तास ठेवायचं, पाणी घालायचं, फॉस्फरिक आम्ल, डायफिनाइलअमाइनचे थेंब, आणि मग ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबानं सोडायचं. गढूळ रंग जांभळट-निळा होतो आणि एका क्षणी, एकाच थेंबात, लख्ख हिरवा होतो. त्या थेंबाआधी हात थांबवणं आणि त्या थेंबालाच थांबणं, यात कसब आहे. निळा गडद व्हायला लागला की तोटी आवळायची, हे पुस्तकात वाचून येत नाही.

ही पद्धत 'खरी' आणि वर्णपटाची 'अंदाजाची', असं बरेचजण धरून चालतात. पण डायक्रोमेटही सगळा कर्ब जाळू शकत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असं धरून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. ही सरासरी वॉकली-ब्लॅक यांच्या मातींवरून आली आहे, आमच्या मातींवरून नव्हे. शेतात धसकटं पेटवली असतील तर कोळशातला बराच कर्ब या पद्धतीला दाद देत नाही. उलट खारवट जमिनीतलं क्लोराइड डायक्रोमेट खातं आणि कर्ब उगाच फुगलेला दिसतो. म्हणजे ज्या आकड्यावर यंत्राला शिकवायचं, तोच आकडा अंगावर थोडी चूक घेऊन येतो. शिष्याला गुरूपेक्षा जास्त अचूक करता येत नाही, फार तर तितकंच.

तरीही यंत्राकडे वळावं लागलं, कारण कामाचा आवाका बदलला. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडहून जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. एका पत्रिकेवर १२ घटक, आणि पत्रिका कोट्यवधी. प्रत्येक नमुन्यामागे डायक्रोमेट आणि तीव्र आम्ल ओतायचं म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचं सांडपाणी तयार करायचं. हे क्रोमियम कर्करोगकारक. मातीचं आरोग्य तपासताना बाहेर पडणारं हे पाणी मातीतच जाऊ नये, ही काळजी प्रत्येक शहाण्या प्रयोगशाळेला घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते. वर्णपटाला रसायन लागत नाही. वाळवलेली माती वाटीत सारखी करायची, हॅलोजनच्या दिव्याखाली धरायची, परत आलेला उजेड मोजायचा. काही सेकंदांत काम होतं, आणि नमुना जसाच्या तसा परत बरणीत जातो.

डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड दिसतो. विल्यम हर्शेलनं १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या लाल पट्ट्यापलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथे काही दिसत नसताना पारा चढलेला पाहिला. आमचं यंत्र त्या न दिसणाऱ्या, अवरक्त मुलखात खोलवर जातं. ३५० पासून २५०० नॅनोमीटरपर्यंत, दर नॅनोमीटरला एक, असे २,१५१ आकडे एका मातीमागे मिळतात. ते जोडले की एक वळणदार रेघ तयार होते. सुरुवातीला ती चढते, मग सपाटते, आणि पुढे तिला खळगे पडतात. १४०० आणि १९०० जवळचे खळगे पाण्याचे, २२०० जवळचा चिकणमातीचा. तांबड्या मातीत ९०० च्या अलीकडे-पलीकडे लोहाचा एक पसरट खळगा असतो. सेंद्रिय पदार्थ वाढत गेला की तो खळगा बुजत जातो, आणि दृश्य पट्ट्यातला चढ बसका होतो.

या सगळ्यात कर्बाचा खळगा कुठे आहे, असं विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर त्यांना आवडत नाही. एकच एक असा खळगा नाही. सेंद्रिय पदार्थातले कार्बन-हायड्रोजनचे बंध मुळात कंप पावतात ते मध्य-अवरक्त पट्ट्यात, बरंच पुढे. निकट-अवरक्तात येतात ते त्या कंपनांचे फिकट पडसाद, १७०० ते १७६० आणि २३०० ते २३५० च्या आसपास. अर्धा टक्का कर्बाच्या मातीत ते चिकणमातीच्या ठळक खुणांमध्ये हरवून जातात. मग यंत्र जे पकडतं ते म्हणजे एकंदर काळवंडणं, रेघेचा बसकेपणा, खळग्यांच्या खोलीत पडलेले फरक. यातलं काहीच कर्ब नव्हे. पण यातलं बरंच काही कर्बाबरोबर बदलतं.

बैलबाजारातला जुना दलाल दात बघून वय सांगतो, तसंच हे काम. वय दातात लिहिलेलं नसतं. पण असंख्य बैलांचे जबडे उघडून पाहिले असले आणि त्यांची खरी वयं कळलेली असली, की दात आणि वय यांची सांगड मनात बसते. आमच्या यंत्राला ही सांगड गणितानं घालून द्यावी लागते. काहीशे नमुने घ्यायचे, त्यांचा कर्ब रसायनानं काढायचा, त्यांचेच वर्णपट नोंदवायचे आणि दोहोंमधला संबंध, म्हणजे प्रारूप, बसवायचा. यासाठी बहुतेक ठिकाणी वापरतात ती आंशिक लघुतम वर्ग पद्धत. २,१५१ आकडे एकमेकांशी इतके संलग्न असतात की साधं समीकरण त्यात गोंधळून जातं. ही पद्धत त्यातून कर्बाशी नातं सांगणाऱ्या मोजक्या दिशा निवडते आणि बाकीचं सोडून देते.

क्वीन्सलंडमध्ये राम दलाल आणि आर. जे. हेन्री यांनी १९८६ मध्ये निकट-अवरक्तावरून ओल, सेंद्रिय कर्ब आणि नत्र एकदमच काढून दाखवलं. किथ शेफर्ड आणि मार्कस वॉल्श यांनी २००२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांतल्या हजारावर मातींचा वर्णपट-संग्रह मांडला आणि या कामाला 'ग्रंथालय' हे रूप दिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक संग्रहात ९२ देशांतले २३ हजारांवर वर्णपट आहेत. ते पाहून मोह होतो की आयतं प्रारूप घ्यावं आणि आपला नमुना त्यात टाकावा. पण जगभरच्या मातींवर बसवलेल्या प्रारूपात अर्ध्या टक्क्यापासून दहा-वीस टक्क्यांपर्यंतच्या माती असतात. इतक्या रुंद पट्टीवर त्याची जुळणी झकास दिसते. आमच्या काळ्या जमिनींचं सगळं जग मात्र ०.२ ते १ च्या दरम्यान. गावं मोजायच्या नकाशावर घरांचे उंबरठे शोधायला गेल्यासारखी गत होते... खरं तर नकाशा बिनचूकच असतो, आपला प्रश्नच त्याहून बारीक असतो.

म्हणून या कलेतलं निम्मं कौशल्य नमुने गोळा करण्यात आहे असं मी मानते. निवडताना सगळ्या जातींची हजेरी हवी. भारी काळी, मध्यम, मुरमाड, चोपण, खारवट, नदीकाठची गाळाची, डोंगरउताराची बरड. एकाच संशोधन प्रक्षेत्रावरून शंभर नमुने आणले तर ते शंभर दिसतात, पण माहिती दहांचीच देतात. केनार्ड आणि स्टोन यांनी १९६९ मध्ये सुचवलेली एक युक्ती आजही वापरात आहे. आधी सगळ्यांचे वर्णपट घ्यायचे, ते स्वस्तच आहेत. मग त्यांतले एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे दिसणारे नमुने निवडून फक्त तेवढेच रसायनाला पाठवायचे. खर्च वाचतो आणि कोपऱ्यातल्या मातीही सुटत नाहीत.

उरलेलं निम्मं कौशल्य हातात आहे, आणि त्याबद्दल शोधनिबंधांत एखादंच वाक्य असतं. काळी माती वाळली की तिचे खडे दगडासारखे होतात. लाकडी मोगरीनं सारखं कुटलं नाही, तर खड्यांच्या सावल्या पडतात आणि मोजमापात माती आहे त्याहून काळी होते. वाटीत भरताना बोटानं दाबली तर पृष्ठभाग चमकतो. प्रत्येक वाटी चतकोर वळवून पुन्हा मोजायची आणि सरासरी घ्यायची. दिवा लावल्यावर लगेच कामाला लागायचं नाही, अर्धा तास यंत्र तापू द्यायचं. ठरावीक वेळानं पांढऱ्या फळीकडे बघून यंत्राला 'पांढरं म्हणजे काय' याची आठवण करून द्यायची. त्या फळीवर कुणाच्या बोटाचा ठसा उमटला, तर त्या दिवसाच्या सगळ्या माती त्या ठशाच्या प्रमाणात बदलतात.

सर्वांत जास्त सतावतं ते पाणी. ओली माती काळी दिसते हे शेतकऱ्याला सांगायला नको. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा आला की उजेड आत-आत शिरत राहतो आणि परत कमी येतो. अँडर्स ॲंगस्ट्रॉमनं १९२५ मध्येच याचा भौतिक उलगडा दिला होता. पण 'हवेत वाळलेली' मातीसुद्धा कोरडी नसते. स्मेक्टाइट चिकणमाती हवेतला दमटपणा धरून ठेवते. मे महिन्यात मोजलेला काळ्या मातीचा नमुना ऑगस्टमध्ये त्याच बरणीतून काढून मोजला, तर १९०० चा खळगा खोल झालेला दिसतो. मातीत कर्ब तेवढाच, बाहेर पाऊस पडतोय एवढंच. प्रारूप उन्हाळ्यातल्या नमुन्यांवर बसवलं असेल, तर पावसाळ्यात ते हळूहळू तिरकं बोलायला लागतं. म्हणून मोजण्याआधी सगळ्या वाट्या मंद उष्णतेच्या ओव्हनमध्ये ठेवायच्या, शोषकपात्रात थंड करायच्या आणि ऋतू बघायचाच नाही. सॅव्हिट्झ्की-गोले यांच्या १९६४ च्या रीतीनं रेघ गुळगुळीत करणं, तिची चढण काढणं, हे गणिताचे उपाय पुढे आहेतच. पण ओव्हनला पर्याय ठरेल असं गणित माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा चकवा चुन्याचा. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे आणि मुक्त चुना जागोजाग. चुन्यातल्या कार्बोनेटचा खळगा २३४० नॅनोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे नेमका जिथे सेंद्रिय पदार्थाचा पडसाद शोधायचा असतो तिथेच. शिवाय चुना मातीला फिकट करतो. त्यामुळे चुनखडीची माती यंत्राला कर्बानं गरीब वाटते, मग ती असो वा नसो. महागडं ज्वलनयंत्र आणलं तरी हा प्रश्न सुटत नाही. नमुना हजार अंशांच्या आसपास जाळला की चुन्यातलाही कर्ब वायू होऊन निघतो आणि तो आधी आम्लानं घालवावा किंवा नंतर वजा करावा लागतो. मध्य-अवरक्तात हे बरंच नीट सुटतं, कारण तिथे कार्बोनेट आणि सेंद्रिय बंध यांच्या मूळ खुणा वेगवेगळ्या जागी ठळक उमटतात. तिथे माती मात्र पावडरीसारखी दळावी लागते, आणि यंत्र बांधावर नेण्याजोगं राहत नाही.

या चुन्याशी भांडताना मला कधीकधी इंग्रज अमदानीतले मोजणी अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट आठवतात. आधीच्या प्रिंगल यांच्या मोजणीतून शेतसारा फसला, तेव्हा १८३५ मध्ये या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची प्रतवारी नव्यानं लावायला घेतली. रंग आणि पोत यांवरून मातीचे तीन गट, खोलीवरून नऊ वर्ग, आणि मोल आण्यांत. उत्तम खोल काळी सोळा आण्यांची, तिथून खाली उतरत शेवटचा वर्ग दोन आण्यांपर्यंत. वर दोषांची यादी. चुनखडीचे बारीक खडे, वाळू, उतार, पाणी साचणं. दोष दिसला की वर्ग खाली. हेतू साऱ्याचा होता आणि रयतेला त्यानं किती सुख लागलं हा वेगळा विषय आहे. पण पद्धत म्हणून पाहिलं तर तीही डोळ्याला लावून दिलेली पट्टीच. त्यांनी रंगाला एकट्याला कधी बोलू दिलं नाही. शेजारी पोत, खोली आणि चुना उभा केला. आमच्या प्रारूपात चिकणमाती, चुना आणि ओल यांचा हिशेब वेगळा धरला की निकाल सुधारतो, तो याच कारणानं.

इथवर कारागिरी झाली. आता आकड्याबद्दल, कारण कर्बाच्या आकड्याला अलीकडे पैशाची किंमत आली आहे. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत फ्रान्सनं 'हजारी चार' असा उपक्रम पुढे आणला. मातीतला कर्ब दर वर्षी हजारी चार या दरानं वाढवत न्यावा, अशी ती कल्पना. आपल्या शेताला लावून बघू. कर्ब ०.५ टक्का, मातीची घनता १.३, खोली ३० सेंटिमीटर. एका हेक्टरात माती ३,९०० टन, तीत कर्ब साडेएकोणीस टन. त्याच्या हजारी चार म्हणजे वर्षाला ७८ किलो. टक्केवारीत ही वाढ ०.००२. आणि चांगल्या स्थानिक प्रारूपाची एका नमुन्यामागची चूक ०.१ टक्का धरली, तर ती हेक्टरी ३.९ टन होते. म्हणजे पन्नास वर्षांची वाढ एका वाटीच्या चुकीत बसते.

हे ऐकून काहीजण म्हणतात, मग यंत्र बंद करा. माझं मत उलट आहे. एका नमुन्यात इतकी चूक असते म्हणूनच पुष्कळ नमुने हवेत, आणि पुष्कळ नमुने परवडतात ते याच यंत्राला. शेत काही एकसारखं नसतं. बांधाजवळ वेगळं, जुन्या उकिरड्याच्या जागी वेगळं, पाणलोटात वेगळं. पंचवीस जागचे नमुने वेगवेगळे मोजले तर सरासरीतली योगायोगाची चूक पाचपटीनं घटून ०.०२ वर येते. एकच नमुना कितीही काटेकोर टायट्रेशननं मोजला तरी तो त्याच एका जागेचं सांगेल.

मात्र सरासरीनं योगायोगाची चूक जाते, पक्षपाताची जात नाही. चुनखडीमुळे प्रारूप त्या शेताला सगळीकडेच कमी लेखत असेल, तर पंचवीस काय, अडीचशे वाट्यांनीही ते सुधारत नाही; उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो. वाढ मोजताना यातून थोडी सुटका होते. आधी आणि नंतर दोन्ही वेळा पक्षपात तेवढाच असेल, तर वजाबाकीत तो निघून जातो. अट एकच, मध्यंतरी मातीच बदललेली नको. आणि आपल्याकडे ती बदलते. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावांचा काळा गाळ मुरमाड रानांवर पसरला जातो. चांगलंच काम आहे; गाळात ओल धरणारी बारीक चिकणमाती असते, कधी कर्बही असतो. पण मुरमावर काळा थर आला की यंत्राला कर्ब उडी मारून वाढलेला दिसू शकतो. त्यातला किती कर्बाचा आणि किती नुसत्या काळेपणाचा, हे सांगायला पुन्हा डायक्रोमेटच लागतं.

म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे. नवा वर्णपट आला की प्रारूपानं आकडा सांगण्याआधी हा नमुना त्याच्या ओळखीच्या मातींच्या गोतावळ्यात बसतो का, हे तपासायचं. बसला नाही तर आकडा छापायचा नाही. नमुना रसायनाला जातो, आणि उत्तर आलं की ग्रंथालयात भरती होतो. ओळखीच्या नमुन्यांतलेही काही दर खेपेला मुद्दाम उचलून टायट्रेशनला पाठवायचे. यंत्र तिरकं बोलायला लागलं की ते यातूनच कळतं.

पत्रिकेवरच्या दोन दशांशांचं ओझंही आम्ही थोडं हलकं केलं आहे. महाराष्ट्रातल्या प्रतवारीत ०.४० पर्यंत 'कमी' आणि ०.४१ पासून 'मध्यम'. एका शेताला ०.३८ आणि शेजारच्याला ०.४३ आलं, तर कागदावर वर्ग बदलतो, नत्राची शिफारस बदलते, आणि बांधावर चर्चा रंगते. ०.१ ची चूक धरली तर ही दोन शेतं एकच आहेत. आता आकड्याशेजारी 'इतका कमी-जास्त असू शकतो' हेही लिहून देतो. सुरुवातीला लोकांना वाटलं, यांना नक्की माहीत नाही. पावसाचा अंदाज ऐकून पेरणी ठरवणाऱ्या माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही.

हातात धरायची, बटण दाबताच कर्ब सांगणारी उपकरणं घेऊन विक्रेते अधूनमधून येतात. त्यांतली सगळी वाईट नसतात. मी त्यांना ठरलेले प्रश्न विचारते. प्रारूप कुठल्या मातीवर बसवलंय? त्यात चुनखडीच्या माती किती? ओलं रान चालतं का? आणि अनोळखी माती दिली तर हे 'माहीत नाही' म्हणतं का? चौथ्या प्रश्नाला बहुधा हसून उत्तर मिळतं की आमचं उपकरण नेहमी आकडा देतं. हा त्यांना गुण वाटतो. आकाशातून बघणाऱ्या उपग्रहांनाही हेच प्रश्न लागू आहेत. त्यात त्यांना दिसते ती वरची काही मिलिमीटरची कातडी, तीही एप्रिल-मेमध्ये रान उघडं असेल तेव्हा, आणि १४००-१९०० चे पट्टे हवेतल्या बाष्पानं खाल्लेले. नकाशा काढायला ते उपयोगी आहेत. एखाद्या शेतकऱ्याच्या कर्बाचे पैसे ठरवायला मी त्यांचा आकडा एकट्यानं वापरणार नाही.

मागे एका गावात नमुने घेताना एका शेतकऱ्यानं गाठलं. तलावाचा गाळ टाकला होता, शेणखत चालू होतं, पऱ्हाटी जाळणं बंद करून ती यंत्रानं बारीक करून रानात गाडायला सुरुवात केली होती. म्हणाला, "मॅडम, कर्ब वाढला का ते आज सांगून टाका."

"आज नाही सांगता येणार, भाऊ. आज फक्त कुठून सुरुवात झाली ते लिहून ठेवू. याच जागा, एवढीच खोली, हाच महिना. परत मोजू तेव्हा वाढ दिसेल."

"परत कधी?"

"पाच-सात वर्षांनी."

त्यानं रानाकडे बघितलं, मग माझ्या पेटीकडे. "म्हणजे तोवर थांबायचं?"

"थांबायचं कशाला? तुम्ही टाकत राहा. थांबायचं ते आम्ही."